मुरूम कुणाचा? लोधिवलीचा डंपर आणि १८७९ चा कायदा

ज्यांना ऑफिसात हेडफोन लावता येत नाही किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना तोंडात येणारे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" बरेचसे काढलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.

आजचा विषय नावानेच झोप आणणारा आहे: जमीन खणायची परवानगी. पण थांबा, भाग बदलू नका. यात रेल्वे आहे, दंगल आहे, पुण्याच्या बिल्डरांची सुप्रीम कोर्टातली लढाई आहे, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी बघितलेलं "कर्जतला एक छोटा प्लॉट" हे स्वप्नही आहे.

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे हायवेने निघालात की चौकच्या अलीकडे लोधिवली लागतं. डोंगराच्या बाजूला इर्शाळगड आणि प्रबळगड, खालच्या अंगाला पाताळगंगेचं खोरं आणि रसायनीचे कारखाने. पावसाळा सोडला तर या पट्ट्यात मुरुमाचे डंपर दिसले नाहीत असा दिवस विरळा. कुठे फार्महाऊससाठी टेकाड कापून सपाट करतायत, कुठे गोडाऊनसाठी भातखाचरात भराव पडतोय, कुठे रेल्वेचं काम चाललंय. आणि अशा प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न हमखास ऐकू येतो. जमीन माझी, सातबारा माझ्या नावाचा, मग माझीच माती उचलायला तहसीलदाराला पैसे का भरायचे?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधायला गेलं की लक्षात येतं की सरकारने या खणण्याकडे आधी मालक म्हणून पाहिलं आणि डोंगराचा विचार शंभरएक वर्षांनी सुरू केला. आज आपण ज्या परवानग्यांच्या मागे धावतो, त्यांचा सगळा विचित्रपणा या क्रमातून आलाय असं मला वाटतं. तर चला, सुरुवातीपासून बघू.

या भागात पहिल्यांदा प्रचंड प्रमाणात डोंगर फोडला तो रेल्वेने. १८५६ मध्ये जीआयपी रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली होती. पुढे घाट. प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखीतून किंवा तट्टावरून खंडाळ्याला चढायचे आणि वर पुन्हा गाडी पकडायची. बोरघाटातून रूळ नेण्याचं कंत्राट विल्यम फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराने घेतलं. सुमारे २५ किलोमीटरचा चढ, २५ बोगदे आणि सगळा काळा कातळ. डायनामाइट अजून निघालेलं नव्हतं, त्यामुळे पहार, घण आणि बंदुकीची दारू एवढ्यावर काम.

हे काम पोटकंत्राटदारांच्या साखळीतून चालायचं. वरून पैसा सुटायचा, मधे कुठेतरी अडकायचा, आणि खाली मजुराच्या हातात महिनोन् महिने काही पडायचं नाही. जानेवारी १८५९ मध्ये याचा भडका उडाला. मजूर आणि युरोपियन माणसं यांच्यात मारामारी झाली, चौकशी बसली, आणि काही आठवड्यांतच फॅव्हिएलने कंत्राट सोडलं. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, मालक आणि मजुरांमधले मजुरीचे वाद मॅजिस्ट्रेटने झटपट निकाली काढावेत असा कायदा झाला. रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांसाठीचा कायदा. त्यातही मेख होती: मजुराची थकलेली मजुरी मिळण्याची सोय झाली खरी, पण काम मधेच सोडणाऱ्या मजुरालाही शिक्षा ठेवली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. खणण्याच्या कामात "नियम पाळले का" हा प्रश्न या डोंगरात पहिल्यांदा आला तो मजुरीच्या निमित्ताने. फोडलेला दगड कुठे टाकला, ओढा कुठे वळवला, असं कंपनीला विचारणारं कुणी नव्हतं. १८६१ मध्ये घाटात चाळीस हजारांवर माणसं कामाला होती. कॉलरा आणि तापाने हजारो गेली. एप्रिल १८६३ मध्ये मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट सुरू झाला आणि जुलै १८६७ मध्ये भर पावसात याच घाटातला माउ की मल्ली हा दगडी पूल कोसळला. पाच पावसाळेसुद्धा धड झाले नव्हते.

आता मालकीकडे येऊ.

१८७९ मध्ये मुंबई जमीन महसूल कायदा आला. त्यातली दोन कलमं आज दीडशे वर्षांनीही आपल्याला नडतात. एक, कलम ६५. शेतीसाठी सारा भरणाऱ्या माणसाला जमीन दुसऱ्या कामाला वापरायची असेल तर कलेक्टरची परवानगी घ्यावी लागेल. आपण ज्याला "एनए करणं" म्हणतो, त्याचं मूळ इथे. दुसरं, कलम ६९. दुमाला नसलेल्या, म्हणजे इनाम वगैरे म्हणून देऊन टाकलेल्या नसलेल्या, सगळ्या जमिनीतल्या खाणी आणि खनिजं यांवरचा हक्क सरकारने स्वतःकडे राखून ठेवला.

म्हणजे बघा, तुमच्या पणजोबांना जी जमीन मिळाली ती वरच्या थरासकट नांगरायला मिळाली. खालच्या खनिजाचा हिशेब वेगळा. भारतात सगळीकडे असं नव्हतं. केरळातल्या मलबार भागात जन्मी जमीनदारांची मालकी खालपर्यंत जात होती आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिथल्या जमीनमालकांच्या बाजूने तसा निकालही दिला. आपल्याकडे मात्र १८७९ ची वाट पुढे पक्की होत गेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम ४८ मध्ये पृष्ठभागावरचं असो की जमिनीखालचं, सगळं खनिज राज्य सरकारचं असं सरळच म्हटलंय.

ऑफिसात आम्ही एक शब्द वापरतो, लेगसी कोड. कुणीतरी खूप आधी, वेगळ्याच कारणासाठी लिहिलेला प्रोग्राम. नंतरचे सगळे बदल त्यावरच रचले जातात, कारण तो काढायची हिंमत कुणात नसते. कलम ६९ मला अगदी तसं वाटतं.

पण खनिज म्हणजे काय? सोनं, लोखंड, कोळसा समजू शकतो. मुरूम कधीपासून खनिज झाला? केंद्राचा खाण आणि खनिज कायदा १९५७ चा. त्याने खनिजांचे दोन वर्ग केले. मोठी खनिजं केंद्राच्या अखत्यारीत आणि "गौण खनिजं" राज्यांच्या. बांधकामाचा दगड, खडी, साधी चिकणमाती, साधी वाळू हे गौण. आणखी काही घालायचं असेल तर केंद्राने अधिसूचना काढायची. साधी माती, आपण भरावाला वापरतो ती, या यादीत कित्येक वर्षं नव्हती. ती आली ३ फेब्रुवारी २००० ला. योगायोग बघा, त्याच काळात आपल्या खालापुरातून मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचं काम चाललं होतं.

त्या अधिसूचनेचे शब्द नीट वाचण्यासारखे आहेत. बांध, रस्ते, रेल्वे आणि इमारती यांच्या बांधकामात भरावासाठी किंवा सपाटीकरणासाठी वापरलेली साधी माती, ती गौण खनिज. "वापरलेली" हा शब्द लक्षात ठेवा. पुढची सगळी लढाई त्याच्यावर झाली.

महसूल खात्याने व्यवहारात अर्थ असा लावला की खणलं की रॉयल्टी. पुण्यात बिल्डरांनी इमारतींच्या पायासाठी, तळघरांसाठी खड्डे घेतले. निघालेली माती काहींनी त्याच प्लॉटवर पसरली. तरी नोटिसा आल्या: स्वामित्वधन भरा, शिवाय दंड भरा. दंड तेव्हा बाजारभावाच्या तिप्पट होता. आता कलम ४८ च्या पोटकलम ७ प्रमाणे तो पाचपटीपर्यंत जातो आणि डंपर, पोकलेन जप्त होतं ते वेगळंच. मुंबई उच्च न्यायालयात बिल्डर हरले. मग प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन ऑफ पुणे सुप्रीम कोर्टात गेली. त्यांच्यासोबत अणुऊर्जा महामंडळाचंही अपील होतं, कारण प्रकल्पाच्या कामात निघालेल्या मातीबद्दल त्यांच्याकडेही पैसे मागितले गेले होते.

३ डिसेंबर २०१४ ला निकाल लागला. कोर्टाचं म्हणणं असं की नुसतं खणलं म्हणून माती गौण खनिज होत नाही. ती पुढे कशासाठी वापरली ते पाहावं लागेल. अधिसूचनेतलं काम असेल तर खनिज, नाहीतर नाही. हे न तपासता सरसकट काढलेल्या नोटिसा कोर्टाने रद्द केल्या. त्यानंतर २०१५ मध्ये राज्याने आपल्या २०१३ च्या गौण खनिज नियमांत दुरुस्ती करून एक सवलत स्पष्टच लिहिली: प्लॉट विकसित करताना निघालेली माती त्याच प्लॉटवर सपाटीकरणाला किंवा त्याच कामाला वापरली तर स्वामित्वधन नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. माती तुमच्या गटातच राहिली तर एक हिशेब. डंपरमध्ये बसून रस्त्यावर आली की दुसरा.

दुसरा हिशेब करून बघू, कारण आकडा काढल्याशिवाय अंदाज येत नाही. समजा १० गुंठ्यांचा उताराचा प्लॉट आहे. एक गुंठा १,०८९ चौरस फूट, म्हणजे एकूण १०,८९० चौरस फूट. सरासरी तीन फूट कापलं तर ३२,६७० घनफूट माती निघते. गौण खनिज ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, मेट्रिकमध्ये २.८३ घनमीटर. तर झाले जवळपास ३२७ ब्रास. २०२१ मध्ये ब्रासमागचा दर ४०० वरून ६०० रुपये झाला, त्या दराने स्वामित्वधनच एक लाख ९६ हजारांच्या घरात जातं. चार ब्रासचा डंपर धरला तर ८० हून जास्त खेपा, आणि प्रत्येक खेपेला वाहतूक पास हवा. तो आता महाखनिज या ऑनलाइन प्रणालीतून निघतो. प्लॉट दाखवणारा एजंट हे सहसा सांगत नाही. "सपाट करून देतो, काळजी करू नका" एवढंच म्हणतो. पण नोटीस काढताना महसूल खातं एजंटला ओळखत नाही, सातबाऱ्यावरचं नाव ओळखतं.

जाता जाता एक सांगतो. गावातल्या पारंपरिक कुंभाराला ५०० ब्रासपर्यंत मातीला स्वामित्वधन लागत नाही. विहिरीची, घराची, शेताची माती हलवणाऱ्या शेतकऱ्यालाही जुन्या नियमांत मोकळीक आहे. म्हणजे ज्यांनी हा कायदा चालवला त्यांना माती ही आधी वापरायची वस्तू आहे आणि मग विकायची, याची जाणीव होती. मला कलम ६९ आवडत नसलं तरी ही बाजू आवडते.

आतापर्यंत सगळी गोष्ट पैशांची झाली. ब्रास किती, दर किती, दंड किती. डोंगर या हिशेबात कुठे येतो?

तो आला भोपाळनंतर. डिसेंबर १९८४ ची वायुगळती, मग १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. त्याखाली जानेवारी १९९४ मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना आली. तिच्यात कारखाने, धरणं, मोठ्या खाणी होत्या. साधी बांधकामं २००४ पर्यंत बाहेरच राहिली. १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना अजून लागू आहे. तिच्यात एक वाक्य आहे जे साइटवरच्या प्रत्येक इंजिनियरने वाचायला हवं: पूर्व पर्यावरण मंजुरी मिळण्याआधी बांधकाम तर सोडाच, जमीन तयार करण्याचं कामही सुरू करायचं नाही. जमीन सुरक्षित करायला कुंपण घालता येतं, बाकी नाही. म्हणजे "मंजुरी येतेय हो, तोवर लेव्हलिंग करून घेऊ" हे नियमात बसत नाही. पोकलेन साइटवर उतरलं की प्रकल्प सुरू झाला.

पण ही अट लागते कुणाला? इमारतींच्या बाबतीत २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे, किंवा ५० हेक्टर आणि त्यावरच्या टाउनशिपला. दहा गुंठ्यांचं फार्महाऊस यात कधीच येणार नाही आणि एकेकटं बघितलं तर यायची गरजही नाही. मात्र एकाच टेकडीवर दहा-दहा गुंठ्यांचे चाळीस प्लॉट पडले, चाळीस मालक आले, चाळीस वेळा जेसीबी चढला, तर टेकडीला ते एकच काम आहे. कागदावर मात्र ती चाळीस छोटी कामं, आणि त्यातलं एकही मर्यादा ओलांडत नाही.

हीच युक्ती हरियाणात खाणींबाबत उघडी पडली होती. ५ हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांना तेव्हा पर्यावरण मंजुरी लागत नव्हती, मग लिलाव ५ हेक्टरच्या आतल्या तुकड्यांचे. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा सरकार या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांनाही मंजुरी घ्यावी लागेल. महाराष्ट्राचे २०१३ चे नियम या निकालानंतर दीड वर्षाने आले. त्याआधी आपल्या पश्चिम महाराष्ट्रात १९५५ चे मुंबई राज्याचे नियम चालत होते. अठ्ठावन्न वर्षं!

मग २०२० चा लॉकडाऊन. २८ मार्चला, देश बंद होऊन आठवडाही झाला नव्हता, केंद्राने अधिसूचना काढून रस्ते, पाइपलाइन अशा रेषीय प्रकल्पांसाठी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली. किती माती, कुठून, किती खोल, काहीच मर्यादा नाही. लोकांच्या हरकतीही मागवल्या नाहीत. २१ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ही सूट मनमानी ठरवून रद्द केली. २०२५ मध्ये मंत्रालयाने अटी घालून ती नव्या शब्दांत परत आणली. तर हा खेळ अजून संपलेला नाही. ज्या तालुक्यातून एक्सप्रेसवे जातो, जुना हायवे जातो, पनवेल-कर्जत रेल्वेची नवी मार्गिका जाते आणि तिच्यासाठी वावर्ले गावाजवळ सुमारे २.६ किलोमीटरचा बोगदा खणला गेलाय, तिथे "रेषीय प्रकल्पाची माती" ही दिल्लीतली चर्चा राहत नाही. ती कुणाच्या तरी बांधाशेजारून उचललेली असते आणि कुणाच्या तरी खाचरात पडलेली असते.

याच पट्ट्यात डोंगराकडे डोंगर म्हणून पाहणारा एक कायदा मात्र आहे. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकला मुक्कामाला होते. तिथून ते वर चढले आणि साहेबांना माथेरान सापडलं. (तिथे आधीपासून राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना ते हरवलेलं नव्हतं, पण असो.) ४ फेब्रुवारी २००३ ला माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला, सुमारे २१५ चौरस किलोमीटर. कर्जत, खालापूर, पनवेल अशा तालुक्यांमधला भाग त्यात येतो. तिथे खाणकाम आणि दगडखाणींना बंदी आहे. स्थानिकांच्या घरांना आणि रस्त्यांना लागेल तेवढा थोडा दगड देखरेख समितीच्या परवानगीने काढता येतो. तीव्र उतारांवर आणि धूप होणाऱ्या उतारांवर विकासाला मनाई आहे. नगररचनेच्या नियमांतही एक आकडा सापडतो: १ : ५. पाच फूट आडवं गेल्यावर एक फुटापेक्षा जास्त चढ असेल, तर तो डोंगरउतार समजून तिथे बांधकामावर निर्बंध येतात.

आता अडचण कुठे आहे ते सांगतो, आणि हे माझं मत आहे. महसूल खातं ब्रास मोजतं. पर्यावरण खातं चौरस मीटर आणि हेक्टर मोजतं. नगररचना उतार मोजते. तीन रजिस्टरं आहेत आणि त्यांना जोडणारा एक नंबर नाही. डेटाबेसवर काम करणाऱ्या कुणालाही हे बघून पोटात दुखेल. तहसीलदाराचा उत्खनन परवाना हातात आला की माणसाला वाटतं काम कायदेशीर झालं. तो परवाना सांगतो की सरकारला मातीचे पैसे मिळाले. कापलेली दरड जुलैत टिकेल का, हे तो सांगत नाही आणि सांगायला तो बनवलेलाही नाही.

१९ जुलै २०१५ च्या रविवारी एक्सप्रेसवेवर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली. माणसं गेली, मुंबई-पुणे वाहतूक ठप्प झाली, मग कित्येक दिवस सैल दगड काढणं आणि जाळ्या लावणं चाललं. हा रस्ता सगळ्या मंजुऱ्या घेऊन बांधलेला होता. कापलेल्या कातळाला मंजुरीची तारीख माहीत नसते, त्यात दरवर्षी पाणी मुरतं आणि भेगा रुंदावतात.

बरोबर आठ वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, इर्शाळवाडी. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर समाजाची वाडी. वरचा उतार सुटला आणि घरं गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. इथे मी सावधपणे बोलणार आहे. अतिवृष्टी आणि वाडीच्या वरचा तीव्र उतार, एवढं दिसतं. खालच्या फार्महाऊसवाल्यांवर किंवा डंपरवाल्यांवर हे ढकलणं सोपं आहे, पण त्याला आधार नाही आणि मी ते करणार नाही. दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. आणि वाडीपर्यंत रस्ता नसल्यामुळे शोधासाठी मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत. खाली हायवेला दर किलोमीटरला एक पोकलेन उभं दिसणाऱ्या तालुक्यात, वर माणसं फावड्या-कुदळीने ढिगारा उपसत होती. हेलिकॉप्टरलाही हवामानाने येऊ दिलं नाही.

मला या भागाच्या तयारीत सगळ्यात जास्त वेळ याच ठिकाणी लागला. उतार कुठे किती आहे, कुठला सुटू शकतो, ही माहिती परवाना देणाऱ्या टेबलावर पोचतच नाही. ३२७ ब्रास हा आकडा पोचतो.

श्रोत्यांपैकी बरेच जण नेहमी विचारतात, "मग करायचं काय?" मी वकील नाही, त्यामुळे सल्ला म्हणून घेऊ नका. या भागात प्लॉट बघताय असं समजून, मी स्वतः कुठल्या क्रमाने विचारेन ते सांगतो. सगळ्यात आधी सातबाऱ्यावरचे इतर हक्क आणि फेरफार. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याखालचा "वन" शेरा या तालुक्यांत अनेक गटांवर आहे. तो असेल तर पुढचं सगळं तिथेच थांबतं. मग माथेरानच्या संवेदनशील क्षेत्राच्या नकाशात गट येतो का. मग झोन दाखला, आणि उतार १ : ५ च्या आत आहे का. हे मोजायला सर्व्हेअर लागतो, एजंटचा अंगठा आणि एक डोळा मिटून केलेला अंदाज चालत नाही. त्यानंतर कुठे उत्खननाच्या परवान्याचा विषय. किती ब्रास आहे त्याप्रमाणे तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी. माती त्याच गटात वापरणार असाल तर ते आधीच लेखी कळवा आणि काम सुरू होण्यापूर्वीचे फोटो तारखेसह ठेवा. उद्या तलाठी पंचनाम्याला आले की वाद तोंडी होत नाही, कागदावर होतो. माती बाहेर जाणार असेल तर पास बघितल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडू नका, आणि ती कुठे पडणार तेही विचारा. ओढ्यात पडली तर खालच्या शेतकऱ्याचं जे नुकसान होईल त्याची पावती कुठलीच प्रणाली काढत नाही.

आणि कापलेल्या दरडीचं पाणी कुठे जाणार, हा प्रश्न स्वतःच विचारा. मी पाहिलेल्या एकाही फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलंत तर पावसात पाणी कुठून उतरतं ते तो काठीने दाखवेल. जुलै १९८९ च्या पुरात पाताळगंगेचं पाणी कुठवर आलं होतं आणि कारखाने कसे बुडाले होते, हे आठवणारी माणसं या खोऱ्यात अजून आहेत.

तर आज एवढंच. बोरघाटाचा एक धागा मी मुद्दाम सोडून दिलाय. फॅव्हिएलने कंत्राट टाकल्यावर ते सॉलोमन ट्रेडवेलने घेतलं. तो १८५९ मध्येच वारला, आणि उरलेलं काम त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, स्वतःच्या नावावर कंत्राट घेऊन पुरं करवून घेतलं. ती गोष्ट पाच मिनिटांत उरकण्यासारखी नाही, म्हणून पुढचा पूर्ण भाग तिच्यावर.